उसाच्या वाटेवरचे रहिवासी
डोळ्यांआडची सृष्टी : भाग ६

दिवाळीच्या आगेमागे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते आणि गळीत हंगाम सुरू होतो. पाथर्डी-शेवगावकडच्या आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या तोडणी टोळ्या फडाजवळ कोप्या घालतात. प्रवरा, गोदावरी आणि मुळेच्या काठाने उसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हापासून टनेज, उतारा आणि भाव यांचा हिशेब इथे घराघरांत होतो. त्या हिशेबात काही भागीदारांची नावे मात्र कधीच येत नाहीत. ते उसाच्या मुळाशी आहेत, कांड्याच्या आत आहेत, पानात, रसात, मळीत आहेत आणि डिस्टिलरीमागच्या बंद टाकीतही आहेत.

मागच्या भागांत आपण सूक्ष्मजीवांची मापे आणि त्यांचे मुख्य गट पाहिले. या भागात उसाचा हात धरून शेतापासून डिस्टिलरीपर्यंत जाऊ आणि त्या गटांना त्यांच्या मुक्कामीच भेटू. जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. जिवाणू, बुरशी, विषाणू आणि आर्किया हे केवळ लहान आकारामुळे एका पंगतीत बसवलेले पाहुणे आहेत. नात्याने पाहिले तर ते एकमेकांपासून फार लांबचे. भाकरीच्या पिठाइतकेच ओळखीचे यीस्ट घ्या. ते जिवाणूंपेक्षा माणसाला जवळचे आहे, कारण त्याच्या पेशीत आपल्यासारखेच केंद्रक असते आणि बुरशी व प्राणी यांचे पूर्वज एकच होते.

मुळाशी आणि कांड्यात

हवेत ७८ टक्के नत्र आहे, तरी पिकाला त्याचा थेट उपयोग नाही. नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना सोडवणे वनस्पतीच्या ताकदीबाहेरचे आहे. ते काम फक्त काही जिवाणू आणि आर्किया करतात. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर असते. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १९०१ साली मातीत मोकळा राहणारा ॲझोटोबॅक्टर वेगळा काढला. शेतकऱ्यांना तो आज पाकिटातून ओळखीचा झाला आहे. रायझोबियम कडधान्यांच्या मुळांवर गाठी करतो. उसाच्या मुळांवर अशा गाठी नसतात, त्यामुळे उसाला या मार्गाने फारसे काही मिळत नसावे, असे बरीच वर्षे वाटत होते.

१९८८ साली ब्राझीलमधल्या काव्हलकांटी आणि योहाना डोबेरायनर या शास्त्रज्ञांनी उसाच्या मुळांत आणि खोडांत राहणारा एक जिवाणू वर्णन केला. त्याला ॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस हे नाव मिळाले. पुढे वर्गीकरण बदलून तो ग्लुकोनॲसिटोबॅक्टर झाला, पण आपल्याकडच्या पाकिटांवर जुनेच नाव रूढ आहे. त्याचे वैशिष्ट्य त्याच्या घरात आहे. दहा टक्के साखरेच्या द्रावणात तो सुखाने वाढतो आणि तीस टक्क्यांतही तग धरतो. एरवी मुरांबा ज्या कारणाने टिकतो, तीच दाट साखर याला मानवते. पेशींमधल्या फटींत राहून तो हवेतला नत्र बांधतो आणि त्यातला काही वाटा उसाला मिळतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची, म्हणजे १९६८ साली स्थापन झालेल्या आपल्याच जिल्ह्यातल्या संस्थेची, याबाबत शिफारस आहे. हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात मिसळायचे आणि लागणीआधी बेणे त्यात अर्धा तास बुडवून ठेवायचे. त्यामुळे नत्राची निम्मी आणि स्फुरदाची पाव मात्रा वाचवता येते. स्फुरदवाल्या जिवाणूंचे काम वेगळे आहे. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमला चिकटून अडकतो. हे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून तो मोकळा करतात.

याच मातीत अमिबा आणि केसाळ आदिजीवही फिरत असतात. ते जिवाणूंना खातात. ऐकायला हे नुकसानीचे वाटते, पण खाल्लेल्या जिवाणूंमधला जास्तीचा नत्र ते बाहेर टाकतात आणि तो मुळांच्या हाती लागतो. मातीतली सुपीकता या खाण्या-खाल्ले जाण्यातून फिरती राहते.

तीन रोग, तीन प्रकारचे जीव

आता फडात उभे राहून रोगट बेटे पाहू. एका बेटाच्या शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघालेला दिसतो. ही काणी. तो पट्टा बुरशीचा आहे आणि त्यावरची काळी भुकटी म्हणजे बीजाणू. वाऱ्याने ते सगळ्या फडात जातात. म्हणून असा पट्टा दिसताच आधी त्यावर पिशवी घालायची, मग तो कापायचा आणि बेट मुळासकट उपटून जाळायचे. तसाच हाताने ओढून काढला तर रोग आपणच पेरतो.

दुसऱ्या बेटात ऊस धरतच नाही. गवताच्या ठोंबासारखे बारीक, फिकट, पांढुरके फुटवे दाटीने येतात. ही गवताळ वाढ. याला कारण असलेला फायटोप्लाझ्मा हा एक अजब जिवाणू आहे, कारण त्याला पेशीभित्तिकाच नाही. वनस्पतींना असे जीव रोग लावतात हे १९६७ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवले. त्याआधी अशा रोगांचा दोष विषाणूंवर जात असे. पेनिसिलीन जिवाणूंची भित्तिका बांधू देत नाही, पण ज्याला भिंतच नाही त्याचे ते काय बिघडवणार? हा जीव रोगट बेण्यातून आणि रस शोषणाऱ्या तुडतुड्यांमधून पसरतो.

तिसऱ्या उसाच्या पानावर फिकट आणि गडद हिरव्या रंगांची नक्षी दिसते. हा मोझॅक, आणि याचे कारण विषाणू. त्याचा धागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असतो. त्याच्याकडे पेशी नाही, स्वतःचा चयापचय नाही. प्रथिनाच्या वेष्टणात गुंडाळलेले आरएनए, एवढाच त्याचा संसार. मावा एका पानावरून दुसऱ्या पानावर बसला की तो पसरतो. लागण झालेल्या उसाला बरे करणारे औषध नाही.

गावात या तिन्हींना एकच नाव पडते : ‘रोग आलाय’. मग दुकानातून एकच बुरशीनाशक आणून तिन्हींवर मारले जाते. काणीवर त्याचा थोडाफार उपयोग होईल, पण फायटोप्लाझ्मा आणि विषाणू यांना त्याचे सोयरसुतक नाही. तिघांनाही लागू पडणारा उपाय एकच, तो म्हणजे निरोगी बेणे. बेणेमळ्यासाठीचे बेणे ५४ अंश सेल्सिअसच्या दमट, उष्ण हवेत अडीच तास ठेवतात. त्या उष्णतेत उसाचा डोळा जगतो आणि काणीची बुरशी व फायटोप्लाझ्मा बहुतांशी मरतात. मोझॅकच्या विषाणूवर हा उपाय भरवशाचा नाही. त्यासाठी रोगट बेटे वेळीच काढणे आणि बेणे दर तीन-चार वर्षांनी बदलणे, हाच मार्ग.

तोडीनंतरचे तास

कोयत्याने ऊस तुटला की त्याची उघडी टोके ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स नावाच्या जिवाणूला आयतेच दार होतात. हा गोल, साखळ्यांनी राहणारा जीव उसातली साखर फोडतो. त्यातले फ्रुक्टोज तो खातो आणि ग्लुकोजचे कण एकापुढे एक जोडून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला, गाड्या गेटवर अडकल्या किंवा ऊस जळीत असला, तर हे काम झपाट्याने होते. एकीकडे साखर जाते, दुसरीकडे रस चिकट होतो, गाळण मंदावते आणि साखरेचे दाणे नीट न बनता लांबट होतात. शिवाय डेक्स्ट्रान प्रकाशाची दिशा साखरेपेक्षा किती तरी जास्त वळवतो, म्हणून प्रयोगशाळेच्या मापात रसात साखर आहे त्याहून अधिक दिसते.

युरोपात बीटच्या साखर कारखान्यांत हीच बुळबुळीत जेली नळ्या तुंबवत असे. फ्रान्सच्या व्हॅन टीगेम यांनी १८७८ साली तिच्यातल्या जिवाणूला आजचे नाव दिले. पुढे १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी शुद्ध केलेले डेक्स्ट्रान रक्तद्रवाऐवजी शिरेतून देता येते हे दाखवले आणि कारखान्याची डोकेदुखी रुग्णालयात औषध झाली. आपल्या इडलीचे पीठ फुगवण्यातही याच जिवाणूचा मोठा हात आहे. सूक्ष्मजीवाला मित्र किंवा शत्रू ठरवताना तो कुठे बसला आहे हे आधी पाहावे लागते.

मळीच्या टाकीत

साखर काढून उरलेली काळी, घट्ट मळी म्हणजे मोलॅसिस डिस्टिलरीत जाते. तिच्यात अजून जवळपास निम्मी साखर असते, पण तिचे दाणे पाडणे परवडत नाही. पाणी घालून ती पातळ करतात आणि तिच्यात यीस्ट सोडतात. हे बुरशीच्या कुळातले एकपेशीय जीव मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडे लहान असतात आणि अंगावर कळी फुटून वाढतात. हवा कमी असताना ते साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतात. शंभर ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ५१ ग्रॅम अल्कोहोल निघू शकते. प्रत्यक्षात टनभर मळीमागे सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मिळते. आज पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमध्ये या पेशींचे श्रम आहेत.

या टाकीशी सूक्ष्मजीवशास्त्राचा जन्म जोडलेला आहे. १८५६ साली फ्रान्समधल्या लील शहरात बिगो नावाच्या उद्योजकाच्या बीटच्या रसापासून अल्कोहोल बनवणाऱ्या टाक्या आंबट होऊ लागल्या. त्याने तिथल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला, लुई पाश्चरला, बोलावले. पाश्चरला चांगल्या टाकीच्या थेंबात यीस्टच्या गोलसर पेशी दिसल्या, बिघडलेल्या टाकीत मात्र त्यांच्या जागी लांबट काड्या होत्या. पुढच्याच वर्षी त्याने दुग्धाम्ल किण्वनावरचा निबंध मांडला : प्रत्येक किण्वनामागे त्याचा त्याचा सजीव असतो. आजही डिस्टिलरीत दुग्धाम्ल बनवणारे जिवाणू शिरले की अल्कोहोलचा उतारा घटतो. पाश्चरचा तो प्रश्न, ‘टाकीत नेमके कोण आहे?’, अजून तितकाच कामाचा आहे.

हवा नसलेल्या टाकीत

अल्कोहोल उडवून घेतल्यावर उरतो तो तपकिरी, उग्र वासाचा स्पेंटवॉश. दर लिटर अल्कोहोलमागे तो ८ ते १५ लिटर निघतो. तो ओढ्यात सोडला तर त्यातले सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. म्हणून अनेक डिस्टिलऱ्यांत तो आधी बंद टाकीत नेतात. तिथे जिवाणूंच्या अनेक जाती त्याचे तुकडे करून ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनवतात. त्यापुढचे काम जिवाणूंच्या आवाक्यातले नाही. ते मिथेन बनवणारे आर्किया करतात. हा वायू कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतो. गोबरगॅसच्या टाकीत आणि गाईच्या पहिल्या पोटातही याच जमातीचे जीव असतात. ऑक्सिजन त्यांना विषासमान आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली ते जिवाणूंसारखेच दिसतात, म्हणून शतकभर त्यांची गणना जिवाणूंतच झाली. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या कार्ल वूझ यांनी पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतल्या आरएनएची तुलना केली. १९७७ साली जॉर्ज फॉक्स यांच्यासह त्यांनी जाहीर केले की हे मिथेनकर्ते जिवाणूंपासून मुळातच वेगळे आहेत. १९९० मध्ये सजीवांच्या तीन अधिराज्यांची मांडणी आली : जिवाणू, आर्किया आणि केंद्रकयुक्त पेशींचे सजीव. आपण, ऊस, काणीची बुरशी आणि यीस्ट तिसऱ्या अधिराज्यात येतो.

पुन्हा शेतात

तोडणीनंतर खोडव्यात पडलेले पाचट जाळायचे की कुजवायचे, याचे उत्तरही सूक्ष्मजीवांकडे आहे. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडा असतो. ते कुजवणाऱ्या बुरशींना आणि जिवाणूंना स्वतःचे शरीर बांधायला नत्र लागतो. तो आपण दिला नाही, तर ते जमिनीतला उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. म्हणून टनभर पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस आहे.

बेणेप्रक्रियेच्या क्रमाचे कारणही आता कळेल. आधी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घेऊन बेणे दहा मिनिटे बुडवायचे, ते निथळू द्यायचे आणि मग वेगळ्या पाण्यात जिवाणू खतांची प्रक्रिया करायची. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीतले, गुणसूत्रे ओढून वाटणारे तंतू बनू देत नाही. जिवाणूंकडे तसे तंतू नसतात, म्हणून ॲसिटोबॅक्टरला त्याचा मार बसत नाही. पाकिटातूनच मिळणारा ट्रायकोडर्मा मात्र स्वतः बुरशी आहे. तो कार्बेन्डाझिमसोबत दिला तर पाकिटाचे पैसे पाण्यात गेले समजा. तांबेयुक्त औषधे तर बुरशी आणि जिवाणू दोघांनाही मारतात.

२००६ साली जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान पाच कोटी आणि द्रवरूप खतात दर मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. तेव्हा या हंगामात दुकानात गेलात की नुसते ‘कल्चर द्या’ म्हणू नका. त्यात जिवाणू आहे की बुरशी, त्याचे नाव काय, पेशींची संख्या किती आणि वापराची अंतिम तारीख कोणती, हे लेबलवर वाचा आणि पाकीट घरी नेताना उन्हात ठेवू नका. आत जिवंत माल आहे.

पुढच्या आठवड्यात : दूध, दही आणि संकलन केंद्रावरचे जिवाणू.