जंगलाची वाटणी : मध्य प्रांतातले शिकारी आणि त्यांचे नियम

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात मध्य प्रांताच्या जंगलांवर पाच प्रकारचे शिकारी हक्क सांगत होते. परवाना घेऊन रायफलने वाघ, गवा, सांबर मारणारा साहेब हा पहिला. आपल्या हद्दीत मनाला येईल तशी शिकार करणारा संस्थानिक किंवा जमीनदार हा दुसरा. गावाने मिळून हाका घालणारे गोंड आणि बैगा हे तिसरे. फासे व वाघूर लावून तितर, ससे, हरणे धरणारा पारधी चौथा, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी पाचवा. जंगल एकच आणि जनावरेही तीच होती. त्यांची वाटणी कोणी केली, कोणाच्या वाट्याला काय आले आणि शेवटी काय उरले, हा मध्य भारताच्या वन-इतिहासातला महत्त्वाचा धडा आहे.

आज पोलाद कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या भिलाईचा परिसर या इतिहासाच्या मधोमध येतो. भिलाई ज्यात येते तो दुर्ग जिल्हा १९०६ मध्ये तयार झाला. शिवनाथ नदीच्या काठचा धानाचा सपाट मुलूख, गावोगावचे तलाव, दक्षिणेला दल्ली-राजहऱ्याच्या लोहखनिजाच्या टेकड्या आणि वायव्येला मैकलच्या रांगा असे त्याचे रूप. सरकारी वनाला लागून डोंडी-लोहाऱ्यासारख्या जमीनदाऱ्या होत्या, तर राजनांदगाव, खैरागड, छुईखदान, कवर्धा ही संस्थाने शेजारी होती. प्रांताची राजधानी नागपूर. त्यामुळे दुर्गच्या सरकारी जंगलाला लागू होणारे नियम आणि चांदा, भंडारा या मराठी जिल्ह्यांना लागू होणारे नियम एकाच कचेरीतून निघत.

परवान्याचे जंगल

१८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातली शिकार सरकारी नियमांखाली आणली. सापळे लावणे आणि पाण्यात विष कालवणे यांवरही त्यातून निर्बंध आले. १९२७ च्या कायद्यात हीच चौकट कायम राहिली. मध्य प्रांतात सरकारी जंगलाचे शिकारीसाठी गट पाडले जात. वनाधिकारी एक गट ठरावीक मुदतीसाठी एका परवानाधारकाला देई. कोणती जनावरे किती मारायची याची मर्यादा परवान्यात लिहिलेली असे. विणीच्या काळात बंदी असे. एका गटात एका वेळी एकच टोळी असल्याने दोन बंदुकधाऱ्यांची गाठ पडत नसे, गोळी चुकून माणसाला लागण्याचा धोका कमी होई आणि एकाच भागावर सतत ताण येत नसे.

व्यवस्था म्हणून ही पद्धत चोख होती, पण तिची सारी सोय परवानाधारकासाठी होती. फी भरणे, अर्ज करणे, मुदत पाळणे हे साहेबाला व शहरी वकील-मालगुजाराला जमे. जंगलातल्या गावाला ते जमण्यासारखे नव्हते. गावाचा शिकारीशी संबंध उरला तो हाकाऱ्याचा. मचाणावर बसलेल्या पाहुण्यापुढे वाघ काढण्यासाठी ढोल बडवत रान तुडवायचे काम गावकऱ्यांकडे येई, अनेक ठिकाणी बेगार म्हणूनही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिकार करणारा माणूस त्याच रानात दुसऱ्याच्या शिकारीचा मजूर झाला.

गावाचा हाका, पारध्याचा फास

आदिवासी शिकारीलाही नियम होते. ते कागदावर नव्हते एवढेच. बस्तरमधल्या मुरिया-माडिया गोंडांत सामूहिक शिकारीला ‘पारद’ म्हणतात. पेरणीपूर्वीच्या बीज पंडुम या सणाशी ती जोडलेली आहे. सगळे गाव मिळून निघे आणि मांसाची वाटणी रूढीने होई. म्हणजे वेळ ठरलेली, हद्द ठरलेली आणि वाटाही ठरलेला. १९३९ मध्ये बैगांवर ग्रंथ लिहिणाऱ्या व्हेरियर एल्विन यांनी बेवर म्हणजे फिरती शेती आणि शिकार यांवरच्या बंधनांनी हा समाज कसा खचला, ते सविस्तर नोंदवले आहे.

पारध्यांची स्थिती याहून कठीण होती. महाराष्ट्रात फासेपारधी म्हणून परिचित असलेला हा समाज मध्य भारतभर फिरत असे. शेताच्या बांधावर, माळावर, तलावाकाठी फासे मांडून छोटी जनावरे व पक्षी धरणे हे त्यांचे कसब होते. शेतकऱ्यालाही त्यांची मदत होई, कारण पिकात घुसणारी हरणे कमी होत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेतून अनेक भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. पारधीही त्यात सापडले. १९५२ मध्ये तो कायदा गेला, संशय मात्र राहिला.

त्या काळच्या इंग्रजी शिकारसाहित्यात जनावरे घटण्याचे खापर गावठी बंदुकीवर आणि फाशावर वारंवार फोडलेले दिसते. त्यात थोडे तथ्य होते. पीकराखणीच्या बंदुकांनी पुष्कळ हरणे मारली गेली. पण मोठ्या जनावरांची सर्वांत मोठी कत्तल प्रतिष्ठित बंदुकांनी केली. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर हजाराहून अधिक वाघांची नोंद आहे. १९४७ मध्ये कोरियाचे महाराज रामानुज प्रतापसिंह देव यांनी तीन चित्ते मारले; भारतातल्या चित्त्यांची ती शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. ही दोन्ही संस्थाने आजच्या छत्तीसगडच्या उत्तरेला येतात.

जंगल सार्वजनिक झाले, गर्दी वाढली

१९५१ मध्ये मालगुजारी व जमीनदारी संपली आणि त्यांची जंगले सरकारकडे आली. राखलेली खासगी शिकारक्षेत्रे एकदम सर्वांची झाली. जीप आणि शक्तिशाली टॉर्चही याच काळात आले. परदेशी पाहुण्यांना वाघाच्या शिकारीसाठी आणणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या; नागपूरची ॲल्विन कूपर त्यांतली नामांकित. भिलाईत १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर कारखाना उभा राहू लागला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि खाणी, रस्ते, रेल्वे यांनी दक्षिणेकडचे रान उघडले. परवान्यांचे गट कागदावर तसेच होते, पण त्यांत पुरेशी जनावरे उरली आहेत का, हे मोजण्याची पक्की पद्धत नव्हती.

अमेरिकेत सार्वजनिक शिकारभूमीवर वेगळी वाट धरली गेली. तिथे धनुर्धाऱ्यांचा हंगाम आणि बंदुकवाल्यांचा हंगाम बहुतेक राज्यांत निरनिराळा असतो. बंदुकीच्या हंगामात अनेक ठिकाणी भडक नारिंगी कपडे सक्तीचे आहेत. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरचा कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. शिकाऱ्यांची विभागणी तिथे हत्यार आणि हंगाम पाहून झाली, आणि शिकारीच्या पैशातून जनावरांची मोजदाद व निगा होऊ लागली. मध्य प्रांतात विभागणी ऐपत आणि दर्जा पाहून झाली होती.

बंदी आणि त्यानंतर

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणतीत देशात सुमारे १,८०० वाघ आढळले आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. सुरुवातीला या कायद्यात काही जनावरांसाठी शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. आता माणसाच्या जिवाला धोका किंवा पिकाचे नुकसान यांसारख्या कारणांसाठी, अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने जनावर मारता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना गौण वनोपजाचे आणि सामूहिक वनसंपत्ती राखण्याचे हक्क दिले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला.

बंदी आवश्यक होती. तिच्याविना मध्य भारतातला वाघ चित्त्याच्या मागे गेला असता. पण सरसकट बंदीने गावाचा जुना प्रश्न सुटला नाही. रानडुकरे धान आणि मका उद्ध्वस्त करतात, भरपाईला वेळ लागतो, आणि मग कोणी रानात विजेची जिवंत तार सोडतो. त्या तारेने डुकराबरोबर हत्ती, बिबट्या आणि माणूसही मरतो. हा शिकारीचा सर्वांत घातक प्रकार आहे, कारण त्याला हंगाम नाही, हद्द नाही आणि निवडही नाही.

त्यावरचा उपाय जंगलाच्या राखणीत गावाला खरा वाटा देण्यात आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनाचे सामूहिक हक्क मिळाले. दुर्गच्या शेजारच्या धमतरी जिल्ह्यातल्या जबर्रा गावाला २०१९ मध्ये तसे हक्क मिळाले. वापराचे आणि राखणीचे नियम ग्रामसभेने ठरवायचे, असे या हक्कांचे स्वरूप आहे. रानात कोण कुठे फिरतो, तार कोण टाकतो, पाणवठा कोणत्या महिन्यात आटतो, हे गावाइतके कोणाला ठाऊक नसते. हीच माहिती पूर्वी हाकाऱ्याकडून फुकट घेतली गेली.

सामायिक जंगल टिकायचे तर तीन गोष्टी लागतात : जनावरांची नियमित मोजदाद, सर्वांना सारखे लागू होणारे नियम, आणि ते ठरवताना रानाकाठी राहणाऱ्यांचा आवाज. मध्य प्रांताच्या परवाना पद्धतीत नियम होते, पण ते सर्वांना सारखे नव्हते, आणि उरलेल्या दोन गोष्टी तर नव्हत्याच. आजच्या बंदीच्या व्यवस्थेत मोजदाद आहे आणि नियमही सर्वांना सारखे आहेत. तिसरी गोष्ट ग्रामसभांच्या हक्कांतून आत्ता कुठे येऊ लागली आहे, आणि ती गावोगाव पोहोचवणे हे वनखात्याचे पुढचे मोठे काम आहे.