काडतुसाचं कवच किती आवळायचं?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे काडतुसाचा सारखेपणा कळीचा ठरतो. या खेळातली .२२ रिमफायर काडतुसं पुन्हा भरता येत नाहीत. नेमबाज वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि उत्तम जमेल तो निवडतात. सेंटरफायर रायफलीचं पितळी कवच मात्र पुन्हा भरता येतं, आणि कवच किती आवळायचं हा खरा वाद तिथे आहे.

बार उडाला की पितळ फुगून चेंबरचा आकार घेतं. काही जण मग सायझिंग डायने, म्हणजे कवच आवळणाऱ्या साच्याने, फक्त कवचाची मान आवळतात. बाकीचं कवच चेंबरच्या मापाचंच राहिलं, तर गोळी नळीच्या मध्यरेषेत बसेल, हा त्यांचा युक्तिवाद. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. काही बारांनंतर असं कवच चेंबरमध्ये अडकू लागतं, बोल्ट जड चालतो आणि रायफल दर वेळी थोडी हलते. पूर्ण कवच आवळून त्याचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, इंचाच्या एक-दोन हजारांशांनी मागे सारला, तर प्रत्येक काडतूस सहज आणि सारखं बसतं. पूर्ण आवळल्याने पितळ लवकर फाटतं, हा आक्षेप खांदा प्रमाणाबाहेर ढकलला तरच खरा ठरतो. म्हणून माझं मत पूर्ण, पण मोजून केलेल्या आवळणीला.

भारतात काडतुसं भरायला शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवाना लागतो. त्याशिवाय प्रयोग नकोतच.