जुळं असल्याचं कळलं की पहिला प्रश्न हाच : वार एक की दोन?

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर गरोदर मातांच्या गाठीभेटी घेताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. सोनोग्राफीत जुळं असल्याचं समजलं की घरात आधी आनंद होतो आणि आठवडाभरात त्याची जागा भीती घेते. शेजारीण सांगते, अमकीचं एक गेलं. कोणी म्हणतं दोन जिवांचं खा, तर कोणी म्हणतं कमी खा, नाहीतर बाळंतपण अवघड जाईल. मोबाइलवर शोधलं तर डोकं आणखी भणभणतं. या सगळ्यात जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा तो मात्र कोणी विचारत नाही : दोन्ही बाळांची वार एक आहे की दोन?

वार म्हणजे प्लासेंटा, बाळाला आईकडून अन्न आणि प्राणवायू पुरवणारा गर्भाशयातला अवयव. नाळ वेगळी. नाळ बाळाला वारेशी जोडते. जुळी दोन प्रकारची असतात. दोन वेगळी बीजं फळली तर भिन्न जुळी होतात. त्यांची वार प्रत्येकाची स्वतंत्र असते. एकच फळलेलं बीज दुभंगलं तर एकसारखी जुळी होतात. दर हजार प्रसूतींमागे अशी साधारण ४ आणि जगभर हे प्रमाण जवळपास सारखंच आहे. बीज पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं तर दोन वारा तयार होतात. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान दुभंगलं तर वार एक, पण पाण्याच्या पिशव्या दोन. त्याहून उशीर झाला तर पिशवीसुद्धा एकच. एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांहून जास्त एकाच वारेवर वाढतात.

इथेच एक गैरसमज दूर करू. जुळं केळं खाल्ल्याने जुळी होत नाहीत. भिन्न जुळी काही घराण्यांत जास्त दिसतात हे खरं, पण बीज दुभंगणं हा सहसा निव्वळ योगायोग असतो. त्यात आईच्या खाण्याचा, ग्रहणाचा किंवा कोणाच्या नजरेचा काही संबंध नाही.

वार एक असेल तर काळजी कशाची? एकाच वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देवाणघेवाण बरोबरीची राहते. पण अशा जुळ्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांमध्ये रक्त एका बाळाकडून दुसऱ्याकडे जास्त वाहू लागतं. देणाऱ्या बाळाभोवतीचं पाणी आटतं आणि घेणाऱ्या बाळाभोवती ते प्रमाणाबाहेर वाढून त्याच्या हृदयावर ताण येतो. डॉक्टर याला ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्युजन सिंड्रोम, थोडक्यात टीटीटीएस म्हणतात. हा त्रास बहुतेक करून सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यांत सुरू होतो. वेळेत सापडला तर मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत दुर्बिणीतून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात. उशीर झाला तर दोन्ही बाळं जाऊ शकतात. वारेचा वाटा असमान पडून एका बाळाची वाढ मागे राहणं हा दुसरा धोका.

हे इतकं तपशिलात सांगण्याला कारण आहे. आमच्या ओळखीच्या एका शेतमजूर ताईच्या पहिल्या रिपोर्टवर फक्त 'जुळे' एवढंच लिहिलं होतं. पुढची तपासणी दोन महिन्यांनी सांगितली होती. दरम्यान एक बाळ दुसऱ्यापेक्षा लहान असल्याचं कळलं आणि घरात सुनेला ऐकवणं सुरू झालं : हिने नीट खाल्लं नाही म्हणून. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा सोनोग्राफी केल्यावर वार एकच असल्याचं स्पष्ट झालं. तिथून पुढे दर पंधरा दिवसांनी पुण्याला नेऊन तपासणी झाली आणि छत्तिसाव्या आठवड्यात दोन मुली झाल्या, एक २१०० ग्रॅमची आणि एक १८०० ग्रॅमची. दोघी आज अंगणवाडीत जातात. वजनातला तो फरक तिच्या ताटातून नव्हे, वारेच्या वाट्यातून आला होता, हे सासूबाईंना पटवायला मात्र आम्हाला तीन भेटी लागल्या.

वार एक की दोन हे ओळखण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे अकरावा ते चौदावा आठवडा. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे भिडतो तिथला आकार पाहून डॉक्टर ते सांगतात. दिवस पुढे गेले की ही खूण अस्पष्ट होत जाते. म्हणून तिसरा महिना संपायच्या आत सोनोग्राफी करून घ्यावी आणि रिपोर्टवर हे स्पष्ट लिहून मागावं. मागायला संकोच करू नये. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. दोन असतील तर साधारणपणे महिन्याला एक पुरते. दोन्ही बाळांची पिशवीही एकच असेल तर ती फारच थोडी आढळणारी, पण सर्वांत जोखमीची स्थिती. नाळांचा गुंता होण्याचा धोका असल्याने अशा आईने सुरुवातीपासून मोठ्या रुग्णालयाच्याच देखरेखीखाली राहावं.

काष्टीच्या माणसाला दौंड जवळ, श्रीगोंदा तालुक्याचं ठिकाण, अहिल्यानगर जिल्ह्याचं आणि पुणे मोठ्या उपचाराचं. नेमकं कुठे जायचं हे ऐनवेळी ठरवण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांमध्ये प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. जोखमीच्या मातेच्या कार्डावर तिथे लाल स्टिकर लावतात. जुळं ही जोखमीचीच गर्भावस्था असल्याने आपल्या कार्डावर तो लागला का, हे आशाताईंना विचारावं. लाल रंग पाहून घाबरायचं कारण नाही. या बाईकडे आधी लक्ष द्या, एवढाच त्याचा अर्थ.

आता ताटाकडे वळू. खाण्याने जोडवाहिन्या बंद होत नाहीत आणि टीटीटीएस टळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मग खाण्याचा उपयोग काय? रक्तक्षय आणि आईची झीज यांवर तो मोठा आहे आणि बाळांच्या वजनालाही त्याचा हातभार लागतो. आपल्या वस्त्यांवरची मूळ अडचण तीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातल्या ५२.२ टक्के गरोदर महिलांना रक्तक्षय आहे. जुळ्यांत तर आईचं लोह दोन बाळं वाटून घेतात.

एका बाळासाठी रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात असं आपल्याकडची शिफारस सांगते. जुळ्यांसाठी साधारण ६०० धरून चालावं. म्हणजे दुप्पट जेवण नव्हे. नेहमीच्या जेवणावर एक भाकरी, एक ग्लास दूध, एक अंडं, मूठभर शेंगदाणे आणि एक केळं एवढ्यात हे जवळपास भागतं. पोट वर दाबलं गेल्याने सहाव्या महिन्यानंतर एका वेळी जास्त जात नाही. तेव्हा दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खावं.

त्यासाठी बाजारातली महागडी प्रोटीन पावडर लागत नाही. हुलग्याचं माडगं, शेंगोळे, मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, तिळाची चटणी, बाजरीची भाकरी हे आपल्या घरचंच आहे. अंडी, मासे, मटण चालत असेल तर नीट शिजवून जरूर खावं. गरोदरपणात मांसाहार उष्ण पडतो या समजुतीला आधार नाही. काळीज मात्र सुरुवातीच्या महिन्यांत टाळावं, कारण त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. शनिवारच्या बाजारातून पालेभाजी आणि अंडी येतात, पण घरात ती कोणाच्या ताटात जातात हे पाहायला हवं. दूध डेअरीला जातं, उरलेलं चहात, आणि गरोदर सुनेच्या वाट्याला येतं ते फक्त चहातलं. हा प्रश्न पैशांचा जितका, तितकाच घरात शेवटी कोण जेवतं याचाही आहे. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार गरोदर मातेसाठी असतो. दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असं त्याचं ठरलेलं प्रमाण आहे. तो घरभर वाटला गेला तर तिच्या वाट्याला काय उरणार?

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर. पहिल्या तीन महिन्यांत फोलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, ज्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये, दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर ती फुकट जाते. लिंबाच्या सरबतासोबत घेतली तर चांगली अंगी लागते आणि श्रीगोंदा तालुक्यात लिंबाला काय तोटा! शौच काळी होते, त्याला घाबरू नये. गोळीने बाळ काळं होत नाही आणि झालं असतं तरी काय बिघडलं असतं, असं आम्ही उलट विचारतो. हिमोग्लोबिन दर महिन्याला तपासावं. ११ च्या खाली रक्तक्षय, ७ च्या खाली तो गंभीर. गोळ्यांनी ते वाढत नसेल तर शिरेतून लोह देता येतं.

वजनाबाबत अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली साधारण बांध्याच्या जुळ्यांच्या आईसाठी १७ ते २५ किलो वाढ सुचवली होती. आपल्याकडच्या किडकिडीत मुलींना हा आकडा जशाचा तसा लावू नये. पण दोन महिने काटा हललाच नाही तर ते डॉक्टरांना सांगावं.

जुळ्यांमध्ये रक्तदाब वाढण्याचा धोकाही जास्त. अनेक डॉक्टर यासाठी बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची लहान मात्रा देतात. ती मनाने सुरू करू नये आणि दिलेली असेल तर मनाने थांबवूही नये. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांत होते.

पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही : दोन-चार दिवसांत पोट एकदम वाढून ताठ होणं, दम लागणं, सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, चेहऱ्यावर सूज, पोटाच्या वरच्या भागात कळ, रक्त किंवा पाणी जाणं, दिवस भरण्याआधी ठरावीक वेळाने पोट आवळणं, बाळांची हालचाल मंदावणं. तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज येत असेल तर तेही सांगावं, तो यकृताचा त्रास असू शकतो. १०८ ला फोन करावा. पोट एकदम वाढणं ही खूण लोक हमखास दुर्लक्षित करतात. जुळं आहे, वाढणारच, असं म्हणतात.

विश्रांतीचं काय? दिवसभर अंथरुणाला खिळून राहण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. पण उसाच्या मोळ्या उचलणं, पाण्याचे हंडे, उन्हातली खुरपणी हे थांबलंच पाहिजे. बाळंतपणाच्या काळात कारखान्यातल्या कामगार स्त्रीला विश्रांती आणि भत्ता मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. शेतमजूर बाईला भरपगारी रजा द्यायला आजही कोणी मालक बांधील नाही. तेव्हा ती रजा घरानेच द्यायची आहे.

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक सदतिसाव्या आठवड्याआधी जन्मतात. एक वार आणि सगळं ठीक असेल तर छत्तिसाव्या-सदतिसाव्या, दोन वारा असतील तर सदतिसाव्या-अडतिसाव्या आठवड्यात प्रसूती करण्याचा सल्ला देतात. म्हणून सातव्या महिन्यापर्यंत जागा ठरलेली असावी आणि तिथे शस्त्रक्रिया, रक्त व नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष हे तिन्ही असावेत. चौतिसाव्या आठवड्याआधी कळा सुरू झाल्या तर बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देतात. ते वेळेत मिळायचं तर वेळेत पोहोचावं लागतं. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, आईचा आहार, ने-आण आणि एक वर्षापर्यंत आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दुसऱ्या खेपेला जुळं झालं आणि त्यात एक जरी मुलगी असली तरी ६,००० रुपये मिळतात. एकसारखी जुळी नेहमी एकाच लिंगाची असल्याने 'दोन्ही मुलीच' म्हणून नाराज होणाऱ्या घरात आम्ही हे मुद्दाम सांगतो.

कमी वजनाच्या बाळांना आईने आणि वडिलांनीही उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी. दोन बाळांना पुरेल इतकं दूध बहुतेक आयांना येतं. त्यासाठी तिचं ताट प्रसूतीनंतर लगेच कमी करायचं नाही. लोहाच्या गोळ्याही पुढे १८० दिवस चालू ठेवायच्या असतात.