जाळं, पाइप आणि कच्चं तेल

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून ट्रॉलर सुटतो, तेव्हा त्याच्या टाकीत डिझेल असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण खलाशाच्या हातातलं नायलॉनचं जाळंही मुळात कच्च्या तेलाचंच लेकरू आहे!

कच्चं तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लहान-मोठ्या रेणूंचं मिश्रण. भट्टीत ते साधारण 350 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. लहान रेणू वर चढतात, मोठे खाली राहतात. तीन-चार कार्बनवाले प्रोपेन आणि ब्युटेन घरच्या सिलिंडरमध्ये येतात. त्याखाली पेट्रोल, मग रॉकेल, डिझेल. तळाशी उरतं दाट डांबर, कोकणातल्या रस्त्यांवर पावसाशी दरवर्षी झुंजणारं.

खरी कमाल पुढे आहे. तेलातला नाफ्ता हा हलका भाग तोडला की इथिलीन मिळतं आणि त्याला क्लोरीनची जोड दिली की पीव्हीसी या प्लास्टिकची वाट खुली होते. रत्नागिरीजवळ रनपारला फिनोलेक्सचा कारखाना हेच पीव्हीसी बनवतो. पीव्हीसीच्या वजनात सुमारे 57 टक्के क्लोरीन असतं, आणि क्लोरीन मिळतं मिठापासून. हापूसच्या कलमांना पाणी नेणाऱ्या पाइपात निम्म्याहून जास्त वाटा मिठाचा!

आणि तेल तरी कुठे दूर आहे? याच अरबी समुद्रात, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, 1974 मध्ये ‘सागरसम्राट’ या खोदकाम करणाऱ्या रिगनं विहीर खोदली आणि मुंबई हाय हे तेलक्षेत्र सापडलं.