दलित कथेतील वयात येणारी मुले

दलित साहित्य म्हटले की आपल्या समाजात प्रथम आठवतात ती आत्मकथने. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) ही पुस्तके घरोघरी असावीत, यात शंका नाही. परंतु वयात येणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगताना आम्हाला कथा अधिक उपयोगी वाटते. आत्मकथनातील मुलगा पुढे लेखक झाला, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. कथेतील मुलाचे पुढे काय होणार, हे कोणालाच ठाऊक नसते. सोळा वर्षांच्या वाचकाची स्थितीही तशीच असते.

बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेचा तरुण नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातमधील उधना येथे येतो. खोली मिळावी, सोबत्यांत स्थान मिळावे म्हणून तो जात सांगत नाही. तो कवी आहे, स्वप्नाळू आहे; सवर्ण सहकारी त्याला घरी जेवायलाही नेतात. त्याच ठिकाणी काशिनाथ नावाचा दुसरा दलित तरुण जात लपवीत नाही आणि अपमानाला तिथल्या तिथे उत्तर देतो. नायकाचे गुपित फुटते, त्याला मार बसतो, आणि मदतीला धावतो तो काशिनाथच. बागुलांनी दोघांपैकी एकाला शहाणा व दुसऱ्याला मूर्ख ठरविलेले नाही. ‘चोरली’ हे क्रियापदच पाहा: जे आपल्यावर लादले गेले, ते लपविले तर चोर आपणच!

बंधुमाधव यांच्या कथेत शाळेत शिकणारा नातू आजोबांबरोबर पाटलाच्या खळ्यावर जातो आणि पाटलाला उलट प्रश्न विचारतो. मोबदल्यात मिळालेली विटलेली भाकर खाऊन आजोबा दगावतात. अर्जुन डांगळे यांनी १९९२ साली संपादिलेल्या इंग्रजी संग्रहाला याच कथेचे नाव दिले. शिक्षणाने मुलाला प्रश्न दिले, पण आजोबांच्या पोटाची भूक त्याआधीची होती, हे येथे दिसते.

या दोन्ही कथा मुलांच्या. ऊर्मिला पवार यांच्या ‘कवच’ या कथेतही केंद्रस्थानी मुलगाच आहे, परंतु तो मोठा होतो तो आईमुळे. कोकणातील ही आई बाजारात आंबे विकते. आंब्यांच्या आडून पुरुष तिच्याशी अश्लील बोलतात. शाळकरी मुलाला त्याची लाज वाटते. आईने बाजाराला जाऊ नये, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात आईची धारदार जीभ त्या पुरुषांना पुरून उरते, आणि जिचे रक्षण करावयाचे तिला आपल्या रक्षणाची गरजच नाही, हे त्याला उमगते. पुरुषपणाचा इतका नेमका धडा आम्हाला पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळला.

शाळा सोडून मोठ्या शहरात गेलेली आपली मुले आजही भाड्याची खोली शोधताना आडनावापाशी अडखळतात. माजी विद्यार्थ्यांना हे सांगण्याची गरज नाही. म्हणून दहावीच्या वर्गात बागुलांची कथा आम्ही आवर्जून वाचतो. वर्गातील बहुतेक मुले काशिनाथच्या बाजूने उभी राहतात. एका वर्षी एका मुलीने विचारले, ‘‘सर, काशिनाथला खोली कोणी दिली असती?’’ त्या दिवशीचा उरलेला तास याच प्रश्नावर गेला, आणि मते अखेरपर्यंत जुळली नाहीत.