दुर्बिणीचे कारागीर : प्राध्यापक गन

प्रोफेसर म्हटला कीं पुस्तकांत गढलेला, पान्हा व पेंचकस यांच्या वाऱ्यासहि उभा न राहणारा गृहस्थ डोळ्यांपुढें येतो. आपल्याकडे तर विद्येचें घर निराळें व हत्याराचें निराळें, ही वांटणी फार जुनी. अमेरिकेंत प्रिन्स्टन विद्यापीठांत ज्योतिःशास्त्राचे प्राध्यापक म्हणून अनेक वर्षें काम केलेले जेम्स गन यांनीं ती कधीं मानलीच नाहीं.

गन यांचा जन्म १९३८ सालीं टेक्सासमध्यें झाला. पंचविशी नुकती ओलांडली असतां, १९६५ सालीं, त्यांनीं ब्रूस पीटरसन यांच्यासमवेत एक विचार मांडला. विश्व निवल्यावर त्यांत सर्वत्र हायड्रोजन वायु पसरला होता. त्याचे अणु अभंग असतील, तर अतिदूरच्या तेजस्वी क्वेसारांच्या प्रकाशाचा कांहीं भाग ते गिळून टाकतील व वर्णपटांत तेथें काळोख दिसेल. तेव्हां ज्ञात असलेल्या क्वेसारांत असा काळोख आढळेना. अर्थात् वाटेंतले अणु आधींच भंगलेले होते. ते अभंग होते तो काळ पाहावयाचा तर याहून पुष्कळच दूर दृष्टि पोंचली पाहिजे. तशीं साधनें कोठें होतीं?

सिद्धान्ताबरोबर साधनें घडविण्याचाहि गन यांनीं ध्यास घेतला. पालोमारच्या दोनशें इंची दुर्बिणीसाठीं त्यांनीं यंत्रें बनविलीं. हबल दुर्बिणीच्या पहिल्या विस्तृत क्षेत्राच्या कॅमेऱ्यांतहि त्यांचा मोठा वांटा होता. परंतु त्यांची खरी करामत म्हणजे न्यू मेक्सिकोंतील अपाचे पॉइंट येथल्या अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीचा कॅमेरा. प्रकाश टिपणाऱ्या तीस सिलिकॉन चकत्या, सहा रांगांत पांच पांच. ताऱ्याचें बिंब एका जागीं खिळवून ठेवण्याऐवजीं तें चकत्यांवरून संथपणें सरकूं द्यावयाचें, अशी योजना. प्रत्येक तारा पांच निरनिराळ्या रंगांच्या कांचांमागें सुमारें ५४ सेकंद टिपला जाई, व गुंडाळी उलगडावी तसें आकाशाचें चित्र निघे. १९९८ सालीं हा कॅमेरा सुरू झाला. पुढें त्या पाहणीची सारी माहिती जगांतील कोणाहि अभ्यासकास विनामूल्य खुली करण्यांत आली; आम्हांस ही गोष्ट कॅमेऱ्याइतकीच मोलाची वाटते.

२००१ सालीं या पाहणींत सांपडलेल्या एका क्वेसारचा वर्णपट हवाई बेटावरील केक दुर्बिणीनें घेण्यांत आला. तो प्रकाश निघाला तेव्हां विश्वाचें वय शंभर कोटि वर्षेंहि झालें नव्हतें. छत्तीस वर्षांपूर्वीं कागदावर मांडलेला काळोख त्या वर्णपटांत स्पष्ट उमटला होता. शोधाच्या निबंधावर अनेकांच्या नांवांबरोबर गन यांचेंहि नांव आहे.