उबदार शहराची निवड : नेरडीगोंड्यापासून पणजीपर्यंत

हिवाळा सुरू झाला की तेलंगणातील वृत्तपत्रांत आदिलाबाद जिल्ह्याचे नाव वारंवार झळकू लागते. राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद बहुधा याच जिल्ह्यात होते. पैनगंगेच्या अलीकडे महाराष्ट्र आणि पलीकडे आदिलाबाद, अशी आजची सीमा असली, तरी मराठी भाषा त्या सीमेवर थांबलेली नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत आजच्या नांदेड जिल्ह्यातील किनवट आणि चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्यामुळे तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू आणि बंजारा यांच्या जोडीने मराठीही या परिसरात घराघरांत बोलली जाते.

याच जिल्ह्यात नेरडीगोंडा हे मंडल मुख्यालयाचे गाव आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ या गावातून जातो. उत्तरेला नागपूर आणि दक्षिणेला हैदराबाद, दोन्ही शहरे येथून साधारण अडीचशे किलोमीटरवर आहेत. राज्यातील सर्वांत उंच मानला जाणारा कुंटाला धबधबा याच मंडलात आहे. अशा गावातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या तरुणासमोर नोकरीचा प्रश्न तर असतोच; परंतु हिवाळ्याच्या कडाक्याला कंटाळलेल्या, किंवा प्रकृतीमुळे थंडी न सोसणाऱ्या तरुणासमोर आणखी एक प्रश्न उभा राहतो. जेथे आयुष्याची पुढील काही वर्षे काढायची, ते शहर उबदार असावे. पण उबदार म्हणजे नेमके कोणते? शिक्षणासाठी परदेशातील थंड शहरांत गेलेल्या आणि परतीचा विचार करणाऱ्या गोमंतकीय तरुणांनाही हा प्रश्न अपरिचित नाही. शिवाय दुसऱ्यांच्या उबदार शहरांच्या यादीत पणजी आणि मडगाव यांची नावे असतात, म्हणून या निवडीचे शास्त्र गोव्यातील वाचकांनीही समजून घेण्यासारखे आहे.

थंडी येते कुठून?

आदिलाबाद समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. हिवाळ्यात येथील आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते. हवेत बाष्प असते तर त्यातील काही उष्णता अडून परत जमिनीकडे आली असती. कोरड्या हवेत ती अडत नाही. त्यातच मध्य भारतातून येणारे उत्तरेचे गार वारे विदर्भ ओलांडून विनासायास येथपर्यंत पोहोचतात. डोंगर आणि जंगलांनी वेढलेल्या सखल जागी गार, जड हवा रात्रीतून साचून राहते. परिणामी डिसेंबर आणि जानेवारीत पारा दहा अंश सेल्सिअसच्या खाली जाणे नित्याचे असून कडाक्याच्या लाटेत तो पाच अंशांच्या आसपास उतरतो.

मात्र ज्या कारणांनी येथे थंडी पडते, त्याच कारणांनी उन्हाळाही तीव्र होतो. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश मोकळे असल्याने मे महिन्यात कमाल तापमान ४३ ते ४५ अंशांपर्यंत चढते. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी खाली गेले, तर थंडीची लाट मानली जाते; कमाल तापमान ४० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले, तर उष्णतेची लाट मानली जाते. आदिलाबादला एकाच वर्षात हे दोन्ही इशारे मिळू शकतात. म्हणजे नेरडीगोंड्याच्या रहिवाशाची खरी अडचण नुसती थंडी ही नाही. दोन टोकांमधील प्रचंड अंतर ही आहे. उबदार शहर शोधताना ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर निवड फसण्याचा संभव असतो.

दक्षिणेला गेले म्हणजे ऊब मिळते का?

दक्षिणेकडे जावे तसे उष्ण होत जाते, असा सर्वसाधारण समज आहे. दारावरून जाणारा महामार्गच त्याची परीक्षा घेतो. नेरडीगोंड्याहून दक्षिणेला निघाल्यास हैदराबाद लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील या शहरात डिसेंबर-जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी १५ अंशांच्या आसपास असते. आदिलाबादच्या मानाने रात्री सौम्य, हे खरे. पण त्यामागे काँक्रीट आणि डांबराने साठवलेल्या शहरी उष्णतेचाही हात आहे. म्हणूनच शहराच्या गजबजलेल्या मध्यभागापेक्षा राजेंद्रनगर किंवा पटान्चेरू अशा कडेच्या भागांत रात्री काही अंशांनी अधिक गार असतात. एकाच शहरात घर कोठे घ्यावे, यावरही ऊब अवलंबून असते, ती अशी.

त्याच रस्त्याने आणखी दक्षिणेला गेल्यास बंगळुरू येते. अक्षांशाने ते हैदराबादच्या बरेच खाली आहे. तरीही तेथील जानेवारीच्या रात्री हैदराबादहून फारशा उबदार नसतात. कारण शहराची उंची नऊशे मीटरच्या वर आहे. उंची दर किलोमीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हा हवामानशास्त्राचा साधा नियम तेथे दिसून येतो. मराठी वातावरणाच्या ओढीने पुण्याची निवड करणाऱ्यालाही असाच अनुभव येतो. पुण्यात जानेवारीच्या किमान तापमानाची सरासरी ११ अंशांच्या घरात असून काही रात्री पारा एक आकडी होतो. नागपूर घरापासून जवळ असले, तरी तेथील हिवाळा आदिलाबादच्याच जातीचा आणि उन्हाळा तर त्याहून कठोर आहे. मे २०१३ मध्ये तेथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती.

तात्पर्य, नकाशावर खाली सरकण्यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात : उंची आणि समुद्राचे अंतर. पाणी जमिनीच्या मानाने फार हळू तापते आणि हळूच निवते. तेवढेच वजन तेवढ्याच अंशांनी तापवायला पाण्याला कोरड्या मातीच्या चार-पाचपट उष्णता लागते. त्यामुळे समुद्राकाठचे शहर उन्हाळ्यात फार चढत नाही आणि हिवाळ्यात फार उतरत नाही. चेन्नईत जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी २१ अंशांच्या आसपास असते. मात्र तेथे मे महिन्यात कमाल तापमानाची सरासरी ३७ अंशांच्या वर जाते आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ ईशान्य मोसमी पावसाचा व चक्रीवादळांचा असतो. विशाखापट्टणम हेही किनाऱ्यावरील शहर असून तेलुगू जाणणाऱ्याला तेथे भाषेची अडचण येत नाही.

पणजीचे वर्ष

गोव्यातील वाचकाला जे रोजचेच वाटते, ते नेरडीगोंड्याच्या तरुणाला नवल वाटावे असे आहे. पणजीत जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी २० अंशांच्या आसपास, तर कमाल तापमानाची ३२ अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात कमाल तापमान सरासरीने ३३ ते ३४ अंशांवर थांबते. म्हणजे जानेवारीची दुपार आणि मेची दुपार यांत अवघ्या दीड-दोन अंशांचा फरक. पणजीतील सर्वांत थंड दिवस हिवाळ्यात येतच नाहीत. ढगांनी झाकलेल्या जुलै-ऑगस्टमध्ये कमाल तापमान २९ अंशांपर्यंत उतरते, तेव्हा ते येतात. हिवाळ्यात पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे वाहतात आणि समुद्रावरील वारा उशिरा सुटतो. म्हणून जानेवारीची दुपार चांगलीच तापते.

तापमानाच्या दृष्टीने पाहता, दोन्ही टोके टाळू इच्छिणाऱ्याला कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यासारखी जागा भारतात सहजी सापडणार नाही. तरीही येथे येण्याआधी दुसरी बाजू तपासली पाहिजे.

दमटपणाची किंमत

शरीर घामाच्या बाष्पीभवनाने निवते. हवा कोरडी असेल तर घाम चटकन उडतो. दमट असेल तर तो अंगावरच राहतो. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत ओल्या कापडाने झाकलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तोच तापमापक २८ अंशांवर जातो. दहा अंशांनी ‘थंड’ असलेल्या किनाऱ्यावर घामाला शरीर निववणे अधिक कठीण जाते, ते यामुळे. किनारी प्रदेशासाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा हवामान विभागाने ४० ऐवजी ३७ अंशांवर ठेवला आहे. मार्च २०२३ मध्ये अशाच इशाऱ्यामुळे गोव्यातील शाळा लवकर सोडाव्या लागल्या होत्या.

याचा परिणाम घरखर्चावरही होतो. आदिलाबाद, नागपूर किंवा हैदराबाद येथे उन्हाळ्यात पाण्याचा कूलर उत्तम काम देतो, कारण कोरडी हवा पाणी शोषून गार होते. गोव्याच्या किंवा चेन्नईच्या हवेत मुळातच बाष्प भरपूर असल्याने तोच कूलर खोली अधिक कोंदट करतो. तेथे पंखा, नाही तर वातानुकूलन यंत्र, एवढेच पर्याय उरतात आणि विजेचे बिल त्याप्रमाणे येते. त्यात गोव्याचा पाऊस वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर. पावसाळ्यात कपाटातील कपड्यांना, पुस्तकांना आणि प्रमाणपत्रांच्या फायलींना लागणारी बुरशी हा येथील घराघरांतील अनुभव आहे. दम्याच्या रुग्णाला कोरड्या थंडीचा त्रास होतो, तसा या बुरशीचाही होऊ शकतो.

प्रकृतीचा प्रश्न

आदिलाबादच्या बाबतीत हवामानाची निवड काहींसाठी केवळ सोयीची राहत नाही. मध्य भारतातील आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे आणि गोंड, कोलाम समाजाची मोठी वस्ती असलेला हा जिल्हा त्या पट्ट्यात येतो. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू केले. आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की अशा वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याचप्रमाणे कडक उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाल्यानेही तो येऊ शकतो. थंडी टाळण्यासाठी अशा रुग्णाने ४५ अंशांच्या शहरात जाणे म्हणजे एक धोका सोडून दुसरा पत्करणे होय. त्याने तापमानाचा चढउतार कमी असलेले, समुद्राजवळचे आणि रक्तविकारांवर उपचार करणारे रुग्णालय जवळ असलेले शहर पाहावे आणि निर्णयाआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, हे श्रेयस्कर.

नोकरी आणि नियम

हवामान कितीही अनुकूल असले, तरी पोटापाण्याचा विचार सुटत नाही. तेलंगणात २०१८ च्या राष्ट्रपती आदेशानुसार थेट भरतीतील ९५ टक्के पदे स्थानिक उमेदवारांसाठी राखीव असतात आणि स्थानिकत्व ठरते ते पहिली ते सातवीपर्यंतचे शिक्षण कोठे झाले यावरून. म्हणून नेरडीगोंड्यात शाळा शिकलेला तरुण काही वर्षे पणजीत किंवा चेन्नईत राहिला, तरी गृहराज्यातील भरतीसाठीचे त्याचे स्थानिकत्व त्यामुळे जात नाही. गोव्यात स्थिती निराळी आहे. येथील सरकारी नोकरीसाठी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान आवश्यक असते. मराठी जाणणाऱ्याचे दैनंदिन व्यवहारात अडत नाही. परंतु नव्याने आलेल्याने खाजगी क्षेत्र, केंद्रीय संस्था किंवा संशोधनाचा मार्ग डोळ्यांसमोर ठेवूनच यावे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ आणि वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ही त्या दृष्टीने महत्त्वाची ठिकाणे आहेत.

निर्णय कसा घ्यावा?

एखाद्या शहराचे वार्षिक सरासरी तापमान पाहून निवड करू नये. पणजीची आणि नागपूरची वार्षिक सरासरी एकमेकींच्या जवळ येते; अनुभव मात्र दोन ध्रुवांचा असतो. हवामान विभाग तीस वर्षांच्या नोंदींवरून प्रत्येक महिन्याची सरासरी काढतो. त्यातील चार आकडे पुरेसे आहेत : सर्वांत थंड महिन्याचे किमान, सर्वांत उष्ण महिन्याचे कमाल, त्याच उष्ण महिन्यातील रात्रीचे किमान आणि आर्द्रता. पहिला आकडा थंडीचा त्रास सांगतो, दुसरा उन्हाचा, तिसरा झोप लागेल की नाही हे सांगतो आणि चौथा घराचा खर्च. आकड्यांनंतर शक्य असल्यास त्या शहरात आठवडाभर राहून पाहावे, आणि तेही तेथील सर्वांत वाईट ऋतूत. गोवा डिसेंबरमध्ये पाहून कोणालाही आवडतो. जुलैमध्ये किंवा मेच्या मध्यावर जो तो पाहतो, त्याचा निर्णय अधिक पक्का ठरतो. डिसेंबरात मिळणारे घरभाडे पर्यटनाच्या हंगामाचे असते, हेही विसरू नये.

घराशी असलेले नाते हा शेवटचा, पण दुर्लक्ष न करण्याजोगा मुद्दा. गोंड समाजातील मेस्राम कुळाची केस्लापूर येथील नागोबा जत्रा पौष अमावास्येला, म्हणजे थंडीच्या दिवसांतच भरते. त्या जत्रेला दरवर्षी जाणाऱ्या कुटुंबातील तरुण कितीही उबदार शहरी राहिला, तरी गावाकडची थंडी त्याला पूर्णतः चुकवता येणार नाही. हैदराबादहून एका रात्रीच्या बसने घर गाठता येते; गोव्याहून तोच प्रवास बराच लांबतो. आई-वडिलांचे वय, त्यांची प्रकृती आणि वर्षातून किती वेळा घरी जावे लागेल याचा हिशेब तापमानाच्या आकड्यांशेजारीच मांडला पाहिजे. प्रकृती ठणठणीत असलेल्या आणि घराची जबाबदारी अंगावर असलेल्या तरुणाला हैदराबादची माफक ऊब पुरेशी ठरेल. ज्याला थंडी आणि ऊन दोन्ही सोसत नाहीत, त्याने मात्र अंतराची आणि दमटपणाची किंमत मोजूनही किनारा गाठावा.